कोणतं काम सोडणार, ते सांगा

गडचांदुरात पुढाऱ्याचा दिवस सकाळी केक कापून सुरू होतो. मग दोन भूमिपूजनं, दुपारी कुणाची तेरवी, संध्याकाळी क्रिकेट स्पर्धेचं उद्घाटन, रात्री लग्नं. एका फोनवर बोलणं संपत नाही तोच दुसरा वाजतो. समोर चार बाया नळाचा अर्ज घेऊन उभ्या असतात. ‘हो हो, बघतो’ म्हणत भाऊ अर्जाची घडी करून खिशात घालतात. त्या खिशात कालचेही अर्ज असतात. गाडी निघून जाते. ‘भाऊंना श्वास घ्यायला फुरसत नाही,’ असं आपण कौतुकानं म्हणतो. आपलं तिथंच चुकतं.

इथल्या सिमेंट कारखान्याची भट्टी चोवीस तास पेटती ठेवावी लागते, कारण ती थंड करून पुन्हा तापवणं फार महाग पडतं. पुढाऱ्याला तसली सक्ती नाही. चार माणसांसोबत बसून नीट विचार करावा, म्हणून तर त्याला निवडून दिला.

आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बघा. 2012 साली वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क हाती आला की जे विकता येईल ते विकायचा मोह होतोच. त्यात तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातली नगद रोकड. पाचगावच्या ग्रामसभेनं आधी बसून हिशेब मांडला. कोवळी पानं भरपूर यावीत म्हणून झुडपं छाटतात, जंगलात आग लावतात. त्या आगीत लहान रोपं जळतात. छाटलेल्या झाडाला टेंभरं लागत नाहीत, म्हणजे पोरांच्या तोंडचं फळही गेलं. ग्रामसभेनं ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचा नाही. बांबूवर भर द्यायचा आणि जंगलाचा एक तुकडा तर तोडीतून कायमचा वगळायचा. घरात पैशाची चणचण असताना दारात आलेली रोकड परत पाठवायला हिंमत लागते. मला नेतृत्व दिसतं ते इथं.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा याच वाटेनं त्याच्याही आधीपासून चाललंय. तिथं अभ्यासगट विषयाचा कीस पाडतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते. एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचं. वेळ जातो, जाऊ द्या. 27 एप्रिल 2011 ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक अशा सावकाश चालणाऱ्या ग्रामसभेच्या हाती द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले होते.

आमच्या शहरात ओट्यावर वाळत घातलेलं धुणं संध्याकाळी पुन्हा झटकावं लागतं, इतकी धूळ. नळाचं वर सांगितलंच. मत मागायला येणाऱ्यानं यातलं एकच काम उचलावं, ते कधीपर्यंत पूर्ण होईल ते सांगावं आणि त्यासाठी कोणकोणत्या फिती कापायला जाणार नाही, तेही त्याच दमात सांगावं. आमच्या घरच्या लग्नाला तो आला नाही तरी माझं मत त्यालाच.