चहा सुटणार नाही

मिसिसागा,
पाडव्यानंतरचा रविवार

ती. आईस सा. न.

कालच्या फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून हे पत्र. पत्रात कुणाला मध्येच ‘अगं पण’ म्हणता येत नाही. पार्सल पोचलं. भाजणी ठीक, मेतकूट ठीक, कुळथाच्या पिठाची पिशवी फुटून चिनूच्या नव्या टी-शर्टला पिठाचा वास लागलाय. तो शाळेत तसाच गेला आणि मला उगाच बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. मला कॅन्सर नाही. तुझ्या सुनेला, स्नेहललाही नाही. दोघींच्याही छातीत जे आहे ते साधं आहे, आणि हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही, दोघींचे रिपोर्ट म्हणतायत. (बाबा हे वाचत असतील तर ‘छाती’ शब्दाला ते चष्मा पुसायला उठले असतील. त्यांना म्हणावं बसा, अजून बरंच आहे.) स्नेहलचं आहे ते फायब्रोअ‍ॅडेनोमा. विशी-तिशीतल्या मुलींना सर्रास होतो, बोटाखालून गुळगुळीत निसटतो, बहुतेक वेळा आहे तेवढाच राहतो, कधी आपोआप लहानही होतो. वाढायला लागला तरच काढतात. बंडूने मला रिपोर्टचा फोटो पाठवलाय, डॉक्टरांनी हाताने तपासलंय, सोनोग्राफी झालीय, सुई घालून तुकडाही बघितलाय. यापुढे संशय घ्यायला काही उरलेलं नाही.

माझं वेगळं. मला एक अशी गाठ नाही, सगळंच गुठळ्या-गुठळ्यांचं लागतं आणि पाळीच्या आधी आठवडाभर असं ठणकतं की चिनूने मिठी मारली तरी ‘हळू रे’ म्हणावं लागतं. पाळी आली की उतरतं. हार्मोन्सचा खेळ. निम्म्या बायकांना कधी ना कधी होतो आणि त्यातल्या निम्म्या कुणाला सांगत नाहीत.

थांब, ड्रायर वाजला.

हां. तर लेले काकू. त्यांनी स्नेहलला दिलेली यादी बंडूने मला वाचून दाखवली. दूध बंद, सोयाबीन बंद, चिकन बंद, वांगं बंद, चहा बंद, आंबट बंद. उरलं काय? मुगाची खिचडी आणि लेले काकूंचे सल्ले. आई, त्या पोरीला नीट जेवू दे. खाण्यामुळे ती गाठ झालेली नाही आणि उपाशी राहून ती विरघळायची नाही. दूध प्यायल्याने ती वाढते याला काही आधार नाही. आठवड्यात एकदा सोयाबीनच्या वड्यांची भाजी केली म्हणून काही बिघडत नाही. वांगं तर बिचारं आपल्याकडे कुठल्याही दुखण्यात पहिलं पकडलं जातं.

चहाचं मात्र काकूंनी अगदीच हवेतून काढलेलं नाही, हे कबूल करते. 1979 मध्ये अमेरिकेत ओहायोच्या डॉ. मिंटन यांनी म्हटलं होतं की चहा, कॉफी, चॉकलेट सोडलेल्या बायकांच्या गाठी कमी झाल्या. तिथून हा सल्ला जो निघाला तो चाळीसएक वर्षं फिरत फिरत डोंबिवलीत टिळकनगरात पोचला. पण पुढे नीट तुलना करून अभ्यास झाले, त्यांत तसा ठाम फरक काही दिसला नाही. माझी डॉक्टर म्हणाली, वाटलं तर दोन महिने कमी करून बघ, गुण आला तर तसंच ठेव, नाही आला तर पी. मी कॉफी सोडली. चहा सुटणार नाही. इथे बाहेर उणे आठ आहे आणि घरात आल्याचा वास यायला दुसरा मार्ग नाही.

आणि काकूंनी मेडिकलमधून आणून दिलेल्या त्या इव्हनिंग प्रिमरोजच्या कॅप्सूल. इंग्लंडमध्ये पूर्वी याच दुखण्यासाठी त्या औषध म्हणून मिळायच्या. 2002 मध्ये त्यांचा परवाना काढून घेतला, कारण गुण येतो असं सिद्धच होईना. शिवाय त्या दुखण्यासाठी होत्या. स्नेहलला दुखत नाही! तिला त्या कशासाठी?

आता गंमत ऐक. स्नेहल लग्न होऊन आली तेव्हा तिने लातूरहून आणलेल्या जवसाच्या चटणीला तू काय म्हणाली होतीस? ‘आमच्याकडे हे गुरांना घालतात.’ बाबांनी चोरून खाल्ली होती, तेही मला माहीत आहे. तर इथे टोरांटोतल्या डॉक्टरांनी अशा ठणकणाऱ्या बायकांना रोज 25 ग्रॅम जवस घातलेला मफिन खायला देऊन बघितला आणि दुखणं कमी झालं. कॅनडाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2006 मध्ये जे सल्ले छापले त्यात जवस अगदी सुरुवातीच्या उपायांत आहे. अभ्यास लहान होता, फार नाचायचं कारण नाही. पण सुनेपुढे सासू हरली ती टोरांटोत, याची नोंद व्हावी.

एकच आहे, जवस दळलेलाच हवा. अख्खा खाल्ला तर आला तसा निघून जातो. आणि 25 ग्रॅम म्हणजे तीन मोठे चमचे तरी होतात, एवढी चटणी रोज खाल्ली तर मीठ-तिखटानेच दुसरं दुखणं लागेल. म्हणून मी जवस कोरडा भाजते, तडतडला की उतरवते, गार झाल्यावर मिक्सरला एकच फेरा देते (जास्त फिरवला की तेल सुटून गोळा होतो) आणि कणकेत मिसळते. पोळी जरा तपकिरी दिसते. अजय म्हणतो, जळली का? त्याला म्हटलं, औषध आहे. त्या दिवसापासून तो जपून खातो.

तेल-तूप कमी केल्यानेही दुखणं उतरतं, असं टोरांटोतच 1988 मध्ये दिसलं होतं, पण त्या बायकांनी स्निग्ध पदार्थ इतके कमी केले होते की आपल्या घरात फोडणीच बंद करावी लागेल. तेवढं नको. तळणीचं कमी केलंय, बस. सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला सांगू? नीट मापाच्या ब्रेसियरचा. आपण जन्मभर स्टेशनबाहेरच्या गाड्यावरून अंदाजाने घेतल्या. इथे एका बाईने टेप लावून मोजलं आणि म्हणाली, तुम्ही कधीच तुमच्या मापाचं घातलेलं नाही.

इथला नियम मात्र ऐकण्यासारखा आहे. आमच्या ऑन्टारियोत ऑक्टोबर 2024 पासून चाळिशी झालेल्या बाईला मॅमोग्राफीला चिठ्ठी लागत नाही, थेट फोन करायचा. मी आनंदाने केला. तिकडून विचारलं, काही त्रास आहे का? म्हटलं, हो, दुखतं. मग नाही म्हणे! त्रास नसेल तर थेट यायचं. त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरची चिठ्ठी आणायची. आणि डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनी. अगं, मानपाडा रोडला सकाळी दुखलं तर संध्याकाळी सोनोग्राफीचा कागद हातात असतो, वर रिसेप्शनची मुलगी ‘काळजी करू नका काकू’ म्हणते. म्हणजे इथे फोनवर खोटं बोलले असते तर लगेच काम झालं असतं. तुझे संस्कार आडवे आले.

तपासणीचा पैसा पडला नाही. पडला तो गाडी उभी करण्याचा. अठरा डॉलर, म्हणजे हजारावर रुपये, नुसती चाकं जमिनीला टेकवून ठेवण्याचे! अजय म्हणाला, मी गाडीत बसून गोल गोल फिरतो. आणि फिरला. पेट्रोल किती गेलं ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मेथीची जुडी तीन डॉलर, ते तुला मागेच सांगितलंय. परत सांगत नाही, तू रडतेस.

बंडूने पाडव्याच्या शोभायात्रेचा व्हिडिओ पाठवला. गणेश मंदिरापासून फडके रोडपर्यंत नुसती गर्दी, नऊवारीतल्या मुली बुलेटवर, ढोल. मी तो कपड्यांच्या घड्या घालताना लावला. अजयला ओरडून म्हटलं, आवाज किती मोठा ठेवलाय, बंद कर. मोबाइल माझ्याच हातात होता. त्या गर्दीत कुणी तरी माझा पाय तुडवावा, मी मागे वळून भांडावं, एवढंच हवं होतं गं.

असो. स्नेहलची पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी आहे ना? तिच्याबरोबर तू जा. आणि आई, सगळ्यांच्या गाठी मोजतेस, तू स्वतः कधी तपासून घेतलंस? आमच्या वयाला ‘साधी असेल’ म्हणणं निराळं. तुझ्या वयात नवी गाठ लागली, कडक लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त आलं, तर चहा-वांगं काही बघायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. काहीच नसलं तरी एकदा जाऊन ये. लेले काकूंनाही ने. रिक्षात तिघी मावाल, काकू मधे नाही बसल्या तर.

बाबांना नमस्कार. चष्मा सापडला का?

तुझी,
मनू

ता. क. स्नेहलच्या बहिणीचं ठरलं म्हणे. फोटो पाठव. मुलाचा नको, साड्यांचे.