काय क्लॅरिटी आहे!

सप्टेंबर आला की कास पठारावर दोन गोष्टींना बहर येतो. एक रानफुलांना. दुसरा ट्रायपॉडना.

२०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही गेलं. मग तिकीट आलं, आगाऊ नोंदणी आली. फोटोंवर मर्यादा घालायची तेवढी राहिली.

हिवाळा लागला की हीच मंडळी भिगवणला. तिथला होडीवाला एव्हाना इतका तयार झालाय की ऊन कधी पाठीवर येतं आणि फ्लेमिंगोंच्या कुठल्या अंगाला होडी लावायची, हे त्याला तोंडपाठ. फोटो खरा त्याचाच. बटण आपलं.

आषाढी जवळ आली की दिवे घाट. वारीतल्या एकाच आजीच्या सुरकुत्यांवर दहा जणांच्या लेन्स रोखलेल्या. आजी निघालेली विठ्ठलाकडे. हे निघालेले स्पर्धेकडे.

आणि वर्षाचे बाकीचे दिवस? कॅमेरा कपाटात. सिलिका जेलच्या पुडीशेजारी, बुरशी लागू नये म्हणून.

वर्षातून तीनदा, तेही गाव बदलून, तंबोरा काढणाऱ्याला कोणी गवई म्हणेल का? फोटोग्राफीत मात्र तेवढ्यावर व्हिजिटिंग कार्ड छापतात.

एवढं करूनही फोटो सुधारत नाहीत, तेव्हा दोष अर्थातच लेन्सचा. नवी येते. हप्त्यावर. जुन्या फोटोत नवरदेवाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला होता, पण जरा धूसर होता. आता खांबावरचा गंजसुद्धा दिसतो.

एडवर्ड वेस्टन नावाचा एक अमेरिकी गृहस्थ १९३० च्या ऑगस्टमध्ये ढोबळी मिरचीचे फोटो काढत बसला होता. दिवसामागून दिवस. पार्श्वभूमी जमेना, उजेड जमेना. शेवटी त्याने मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात बसवली आणि जो फोटो निघाला, तो आज जगभर ओळखला जातो. त्याचं नाव काय? ‘पेपर नंबर ३०’. आपण पहिल्या मिरचीनंतर भाजी करतो.

बरं, मिरचीसाठी लडाखची टूर लागत नाही. हाच तिचा मोठा दोष.

आपल्या मुंबईत सुधारक ओलवे महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढत राहिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या गटारांच्या कडेला हौशी मंडळींच्या ट्रायपॉडची रांग लागल्याचं ऐकिवात नाही.

‘रोज एक फोटो’ हा संकल्प आपल्याकडेही होतो, नाही असं नाही. १ जानेवारीला सूर्योदय. २ तारखेला चहाचा कप. ३ तारखेला चहाचा कप, दुसऱ्या बाजूने. संक्रांतीला तिळगूळ, आणि गोड बोलून समाप्त.

न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टनने ३१ मार्च १९७९ ला सुरुवात केली. रोज एक पोलरॉइड. २५ ऑक्टोबर १९९७ ला तो गेला, त्या दिवसापर्यंत. त्यातले कितीतरी फोटो अगदी साधे आहेत, मित्रांचे, घरातले. पण दिवसाला एकच म्हटलं की काय काढायचं आणि काय सोडायचं, हे ठरवावं लागतं. आपण दिवसाला चारशे काढतो. ठरवायचं काम मेमरी कार्डाकडे.

मग सराव करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? महिनाभर एकच लेन्स. घरातली एकच खिडकी, सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. बाराच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या का पडतात, हे एकदा घरच्या कुणावर पाहिलं की पुढच्या लग्नात नवरानवरीला मंडपाबाहेर भर उन्हात उभं करण्याची बुद्धी होत नाही. १/६० सेकंदाला धावतं पोर पुसट येतं, १/५०० ला थबकतं. हे पुस्तकात वाचून विसरता येतं. पोरामागे धावून नाही.

पण यात ‘लोकेशन’ कुठंय? नाहीच. म्हणून कोणी करत नाही.

आता दाद. फोटो ग्रुपवर पडतो. अप्रतिम! वाह! क्या बात! दोन फुलं, चार अंगठे. मग मामा लिहितात, ‘काय क्लॅरिटी आहे! कुठला कॅमेरा?’

दाद थेट जपानला पोचली.

समुद्र एका बाजूने सांडतोय, क्षितिज सरळ कर, असं कोणी का म्हणत नाही? कारण म्हणणाऱ्याचाही फोटो उद्या ग्रुपवर पडायचा असतो. तू माझ्या खंड्याला वाह म्हण, मी तुझ्या धबधब्याला म्हणतो. रोखीचा व्यवहार, उधारी नाही.

दुसऱ्या टोकाला नियमवाले. फोटोतली बाई हंबरडा फोडून रडत असली तरी हे म्हणणार, ‘जरा एक तृतीयांशावर घ्यायला हवी होती.’

त्यापेक्षा रोलच्या काळातला स्टुडिओवाला बरा. ३६ फोटोंपैकी नऊ प्रिंट हातात ठेवायचा आणि म्हणायचा, ‘बाकीचे हललेत.’ धुलाईचे पैसे पूर्ण रोलचे. इतकी स्वच्छ समीक्षा मराठीत नंतर झाली नाही.

अभिप्राय मागायचा, तर ‘कसा वाटला?’ विचारू नये. त्याचं उत्तर ‘छान’ हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. फोटो तीन सेकंद दाखवा, काढून घ्या आणि विचारा, काय दिसलं? तुम्ही आजोबांचा फोटो काढलेला असतो आणि समोरचा म्हणतो, ‘मागे बँकेचं कॅलेंडर होतं.’ आजोबा हरले.

गॅरी विनोग्रँड हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फोटो काढणारा बिलंदर माणूस. तो रोल धुवायची घाईच करत नसे. काढतानाचा आनंद विसरला जाऊ दे, मग निवड नीट होते, हा त्याचा हिशोब. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा सुमारे २५०० रोल धुवायचे राहिले होते. इतकं ताणायची गरज नाही. पण हिशोब बरोबर होता.

कारण आपण फोटोला गुण देतच नाही. पहाटे चारला उठल्याचे देतो. धापा टाकत गड चढल्याचे देतो. घाटात गाडी थांबवली म्हणून घरच्यांची खाल्लेली बोलणी, तीही जमेस धरतो. बघणाऱ्याला यातलं काय दिसतं? धुकं दिसतं. नुसतं धुकं.

म्हणून कालचा फोटो आज टाकायचा नाही. महिनाभर राहू दे. महिन्याने तुम्हालाच तो आवडला नाही, तर एका ग्रुपचं भलं झालं.

तेव्हा आज संध्याकाळी घरातच एक फोटो काढा. उद्या त्याच जागेवरून दुसरा. दोन-तीन आठवड्यांचे साठले की समोर मांडा आणि ज्याला तुमच्या लाइकची गरज नाही अशा माणसाला दाखवा. घरात असं एक माणूस असतंच. त्याला आजवर आपण ‘तुला यातलं कळत नाही’ म्हणून गप्प बसवलेलं असतं.

आणि हो, कोपऱ्यात ‘अमुकतमुक फोटोग्राफी’ असं सोनेरी अक्षरात टाकू नका. इतक्यात कोणी चोरत नाही.