हेराल्डकाका

नवी मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांत एक तरी हेराल्डकाका असतोच. त्याची गाडी हेराल्डच असेल असं नाही; कुठे पद्मिनी असते, कुठे अँबेसेडर, पण जात एकच. पार्किंगमधल्या सर्वांत सोयीच्या जागी कव्हर घातलेली गाडी, कव्हराखालून डोकावणारा जॅक आणि शेजारी पाटावर बसून काहीतरी रॉकेलमध्ये धुणारा गृहस्थ, एवढ्यावरून तो ओळखावा. या जातीत स्टँडर्ड हेराल्डवाला सर्वांत कडवा, कारण त्याच्या मते त्याच्याकडे आहे ती मुळात स्पोर्ट्स कार. या दाव्यावर सोसायटी हसते, पण तो अगदीच हवेतला नाही. 1961पासून मद्रासला बनू लागलेली स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे इंग्लंडची ट्रायंफ हेराल्ड. 1962 साली ट्रायंफने स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली, ती याच हेराल्डच्या चासीला कात्री लावून. दोन्ही गाड्या इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीने रेखाटलेल्या, आणि मागच्या चाकांची रचनाही तीच. आता 948 सीसीचं ते इंजिन पाम बीच रोडवर कुणालाच मागे टाकत नाही, ही गोष्ट वेगळी. काकांना त्याचं वैषम्य नाही. ते म्हणतात, ‘वेग बघू नका, घराणं बघा. ओरिजिनल आहे.’

हा शब्द एकदा तोंडात बसला की काकांना दुसरा सुचत नाही. दिव्याच्या काचा ओरिजिनल, डॅशबोर्डला गेलेला तडा ओरिजिनल, गाडीखाली रोज पडणारा ऑइलचा डाग ओरिजिनल. पावसाळ्यात सीटला येणाऱ्या वासाबद्दल मुलांनी नाक मुरडलं, तर तोही कंपनीचाच. काकांचे स्वतःचे दोन्ही गुडघे बदललेले, दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं आणि वरचे दात सर्वस्वी नवे. तिथे त्यांचा ओरिजिनलचा आग्रह नाही. बरं, सरकारनेही त्यांना बळ दिलं आहे. 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची आणि चासी, बॉडी, इंजिनात फेरफार न केलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे 20,000 रुपये, आणि नित्याच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणायची नाही. शेवटची अट पाळायला काकांना मुळीच जड जात नाही. तीही ओरिजिनल सवय आहे.

सगळी सोसायटी या माणसाला चक्रम ठरवून मोकळी होते. माझं म्हणणं उलट आहे. तिथे हिशेबाने वागणारा तोच एकटा आहे, आणि याचा पुरावा त्याच्या मागच्या चाकात सापडतो. चाकातून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला, वेगाबरोबर तो चढू लागला आणि वळणावर त्याचा सूर बदलला, की बेअरिंग गेलं. काका आधी हा आवाजही ओरिजिनल असल्याचं सांगून पाहतात. मग चाक जॅकवर घेतात, वरून आणि खालून धरून हलवतात, आणि हाताला प्ले लागतो. खरी परीक्षा इथून पुढे. हेराल्डचा मागचा हब निमुळत्या शाफ्टवर चावीसकट इतका घट्ट बसलेला असतो, की साधा तीनपायी पुलर लावला तर हबच वाकतो. त्यासाठी जाडजूड खास पुलर लागतो. तो ताणत न्यायचा, मधूनमधून ठोका द्यायचा आणि वाट बघायची. हब सुटतो तो बार उडाल्यासारखा, आणि वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडतात. आत बाहेरच्या बाजूला बॉल बेअरिंग आणि आतल्या बाजूला सुयांसारख्या रोलरांचं बेअरिंग. या सुया थेट शाफ्टवर फिरतात. म्हणजे सील फाटलं की पाणी आत, ग्रीस बाहेर, मग सुया शाफ्ट खातात, आणि चिल्लर रकमेच्या सीलपायी अख्खा शाफ्ट शोधत हिंडावं लागतं. बॉल बेअरिंगच्या कड्यावर नंबर असतो. 6205 असेल तर भोक 25 मिलिमीटरचं, शेवटच्या दोन आकड्यांची पाचपट, जगात कुठेही जा. माप जुनं इंची निघालं तर मात्र ते शोधत मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हिंडण्यात काकांचा शनिवार सत्कारणी लागतो.

यावर तरुण मंडळींचा आक्षेप रास्त आहे. आजच्या बऱ्याच मोटारींत हब आणि बेअरिंगचं बंद युनिट येतं. जुनं काढा, नवं बसवा, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. ते टिकतंही जास्त. हेराल्डची रचना सरस होती असं कुणी म्हणू नये. 1972 साली आलेल्या स्टँडर्ड गॅझेलला मद्रासवाल्यांनीच मागे साधा अखंड एक्सल दिला, यातच काय ते आलं. पेट्रोल, धूर, जुने ब्रेक, अडवलेली जागा हे मुद्देही खोडता येत नाहीत. पण बंद युनिट बदलणाऱ्याला एक प्रश्न कधी पडतच नाही, जो काकांना दर वेळी पडतो: यातलं नेमकं काय गेलंय आणि काय शाबूत आहे? नुसतं सील, की बेअरिंग, की शाफ्टसुद्धा? गेलं तेवढंच बदलायचं आणि बाकीच्याला हात लावायचा नाही, ही अक्कल दुकानात मिळत नाही. आणि पावसाळ्याआधी सील तपासायची सवय तर त्याहून दुर्मीळ.

ही सवय नसणं या शहरात किती महाग पडलं ते पाहा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970ची. म्हणजे काकांची गाडी सत्तरच्या आधीची असेल तर ती शहराहून थोरली. वाशीतल्या सिडकोच्या कित्येक इमारती या गाडीहून धाकट्या. तरीही महापालिका दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी काढते: सी-1 म्हणजे तत्काळ रिकामी करा, सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. या मापाने साठीची हेराल्ड सी-3 आणि चाळिशीची इमारत सी-1. मूळ बांधकामच निकृष्ट होतं, असं यावर म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते खरंही असेल. पण गच्चीतून झिरपणारं पाणी वर्षानुवर्षं ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणून सोडून दिलं, ते कुणी? पाणी आधी गिलाव्यात शिरतं, मग सळईत, मग स्लॅबमध्ये. सील, सुया, शाफ्ट, क्रम तोच. जी सोसायटी वॉटरप्रूफिंगची वर्गणी भरताना कुरकुरली, तीच रीडेव्हलपमेंटच्या चटईक्षेत्राचा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवते. अशा सभेत काका उठून ‘पण नेमकं काय गेलंय?’ असं विचारतात, तेव्हा अध्यक्ष चहा मागवतात.

अडकलेली कुकरची शिट्टी असो की लिफ्टचं दार, अडलेला माणूस शेवटी याच काकांकडे येतो, आणि ते पैसे न घेता, फक्त व्याख्यान देऊन, काम करून देतात. एवढं त्यांच्या बाजूने नाइलाजाने नोंदवावं लागेल. त्यांच्या निष्ठेलाही सीमा आहे, हेही नोंदवायला हवं. कारण सर्वांत आधी रीडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर सही असते ती त्यांची. बिल्डरने नव्या टॉवरमध्ये दोन पार्किंग कबूल केलेली असतात. दुसरं कशाला, तर सुट्या भागांसाठी घेऊन ठेवलेल्या दुसऱ्या हेराल्डला. तिला इंजिन नाही, एक दार नाही आणि मागची चाकंही नाहीत. तेव्हा तिची नोंद वाहन म्हणून करायची की सामान म्हणून, यासाठी कमिटीला आणखी एक सभा लावावी लागणार आहे.