हिवाळी लातूरला, उन्हाळी नांदेडला

2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. 2036 च्या ऑलिंपिकसाठीही देशाने इरादापत्र धाडलंय आणि तिथेही अहमदाबादचंच घोडं पुढे आहे. मराठवाडा डावलला जाण्याची ही काही पहिली खेप नव्हे. त्यामुळे रडत न बसता आम्ही चार रिकामटेकडे एकत्र आलो, चहा मागवला आणि प्रस्ताव तयार केला: उन्हाळी ऑलिंपिक नांदेडला, हिवाळी लातूरला.

हसू नका. उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन्ही ऑलिंपिकं भरवलेले देश जगात मोजून नऊ आहेत. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, इटली, जपान, कॅनडा, दक्षिण कोरिया, चीन आणि सोव्हिएत संघाच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावलं तर रशिया. या यादीचा अभ्यास केला तेव्हा आमची भीड चेपली. यजमानाकडे काय आहे, हे तिथे कोणी फारसं विचारत नाही. जे नाही ते कुठून आणणार आणि कितीला आणणार, एवढाच सवाल असतो. आणि नसलेलं आणण्यात लातूरचा हात कोण धरणार?

1964 साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हिवाळी ऑलिंपिक होतं आणि नेमका त्याच वर्षी बर्फाचा दुष्काळ पडला. सरकारने लष्कर कामाला लावलं. जवानांनी डोंगरावरून बर्फाच्या हजारो लाद्या खाली वाहून आणल्या. बीजिंगने 2022 मध्ये बर्फाच्या स्पर्धा ज्या कोरड्या डोंगरांत घेतल्या, तिथे जवळजवळ सगळा बर्फ यंत्रांनी पाडला होता. त्या बीजिंगला मुळात पाणीच 1,400 किलोमीटरच्या कालव्याने दक्षिणेकडून येतं.

आता आमचा अनुभव मोजा. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून सुमारे 340 किलोमीटर धावून ‘जलदूत’ रेल्वे लातुरात आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्याआधीपासूनच पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू होती, म्हणजे गर्दी आवरण्याची तालीमही झालेली. इन्सब्रुकने घसरायला आणलं आणि लातूरने प्यायला, एवढाच काय तो फरक. ‘जलदूत’ आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुष्काळापायी उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. म्हणजे तोंडाशी आलेलं यजमानपद काढून घेतल्यावर कसं वाटतं, हेही राज्याला ठाऊक आहे.

“पण बर्फाचं काय?” आमच्यातल्या एका शंकेखोराने विचारलं.

शेजारच्या टेबलावरचे गुत्तेदार हसले. “मालक, पाणी आलं की बर्फ व्हायला किती येळ लागतोय? तुम्ही आधी वर्क ऑर्डर काढा.”

पाणी उजनी धरणातून घ्यायचं, असं प्रस्तावात नमूद केलंय. उजनीचं पाणी लातूरला आणण्याचं आश्वासन इतक्या वेळा दिलं गेलंय की कागदावर शहराला पूरच यायचा बाकी आहे.

नांदेडच्या बाजूने तर काहीच आणायला नको. ऊन फुकट आणि भरपूर. टोकियोत फार उकडेल म्हणून मॅरेथॉन 800 किलोमीटर दूर सापोरोला हलवावी लागली होती. आमच्याकडे तशी वेळ आलीच तर किनवट-माहूरचं जंगल जिल्ह्यातच आहे. पाहुणचाराची तर चिंताच नको. 2024 मध्ये पॅरिसच्या क्रीडाग्रामात अंडी कमी पडली आणि खेळाडूंनी बोंब मारली. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात रोज हजारो लोक लंगरात जेवतात. 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला लाखो भाविक आले, तेव्हाही कोणी उपाशी परत गेलं नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग कोणीतरी विचारलं, “आयोजन समितीचं मुख्यालय कुठं?”

इथे जाणकारांच्या लक्षात आलं असेल. 2009 मध्ये मंत्रिमंडळाने महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरवलं आणि लातूर पेटून उठलं. विद्यापीठ नांदेडला, बोर्ड लातूरला आणि आयुक्त अजूनही संभाजीनगरलाच. लातूरकर म्हणाले, हिवाळी म्हणजे दुय्यम, आम्हाला उन्हाळीच पाहिजे. नांदेडकर म्हणाले, मग मशाल आधी आमच्याकडे येईल. शेवटी तोडगा निघाला: मुख्यालय अहमदपूरला. दोघांनाही तेवढंच गैरसोयीचं.

भूमिपूजनावरून मात्र वाद झाला नाही. या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिलेत. इतकी कसलेली कुदळ कोणत्याही ऑलिंपिक शहराकडे नसेल.

शंकेखोराने अजून एक खोडा घातला. म्हणाला, मॉन्ट्रियलला 1976 चं ऑलिंपिक झालं आणि त्याचं कर्ज 2006 मध्ये फिटलं. अथेन्समध्ये 2004 ची कितीतरी मैदानं नंतर ओसाड पडली, गवत माजलं. आम्ही गंभीर झालो. गुत्तेदारांचे डोळे मात्र पाणावले. परदेशातही आपलीच माणसं आहेत, हे त्यांना माहीतच नव्हतं. डेन्व्हरची गोष्ट त्यांना अजिबात आवडली नाही. 1976 चं हिवाळी ऑलिंपिक मिळालेलं असताना तिथल्या मतदारांनी 1972 मध्ये खर्चाविरुद्ध मत दिलं आणि ते परत केलं. “मतदाराला इचारतंय कोण असल्या कामात?” असं म्हणून त्यांनी दुसरा चहा मागवला.

प्रस्ताव जवळजवळ पूर्ण झाला होता. रस्ते झाले, पूल झाले, स्वागतकमानी झाल्या, व्हीआयपी कक्ष दोन झाले. तेवढ्यात चहावाल्या पोराने विचारलं, “खेळणार कोण?”

याचा विचार झालाच नव्हता. मग घाईघाईने नावं काढली. लातूर जिल्ह्यातले हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदार, 1970 च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते. नांदेड जिल्ह्यातली भाग्यश्री जाधव, 2024 च्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकपटू, उद्घाटनात देशाचा तिरंगा हाती धरणाऱ्या दोघांपैकी एक. शेजारच्या बीडचा अविनाश साबळे, स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावलेला. सैन्यात असताना सियाचीनला राहून आलेला असल्याने हिवाळी विभागातही त्याचं नाव घातलं.

नावं लिहून झाल्यावर एक अडचण लक्षात आली. यांतल्या एकालाही घडवायला कोणी ऑलिंपिक भरवलं नव्हतं. कुणाला तालमीने घडवलं, कुणाला सैन्याने, कुणी व्हीलचेअरवर बसून जिद्दीने गोळा फेकला. अंदाजपत्रकात असल्या गोष्टींसाठी रकानाच नाही. म्हणून खेळाडू आम्ही ‘इतर किरकोळ’मध्ये दाखवले.

सर्वांत शेवटचा रकाना होता: स्पर्धा संपल्यावर मैदानांचा वापर. तिथे आम्ही खोटं लिहिलं नाही. लग्नं, जाहीर सभा आणि सतरंजी-लोणच्यांची महाविक्री, असं स्वच्छ लिहिलं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे कुठे पळणार, असं आंतरराष्ट्रीय समितीने विचारलं तर उत्तर तयार आहे. लातूर-नांदेड महामार्ग आहे ना, ट्रकवाल्यांना त्यांची सवय झालीय.