बांगडा तळणाऱ्याचं भाडं

मुंबई-पुण्यात भाड्याचं घर हवं असलेल्या माणसाच्या उलटतपासणीत त्याच्या खिशापेक्षा तव्याला जास्त मान असतो. मासे करता का? लग्न झालंय का? आडनाव काय? रात्री किती वाजता येता? या उत्तरांवरून पाच तारखेला भाडं जमा होईल की नाही हे कसं ताडतात, ते मात्र कुणी सांगत नाही. बांगडा तळणाऱ्याचा हप्ता थकतो, असं अजून तरी कुठल्या बँकेला वाटलेलं नाही. गृहकर्जाच्या अर्जात ओट्यासाठी रकाना नसतो. पारखच करायची तर पगाराची स्लिप आणि आधीच्या घरमालकाला एक फोन, एवढं पुरे. पण त्या फोनवर भाडं वेळेवर यायचं की नाही एवढंच कळतं, जात कळत नाही.

एवढा चोखंदळ घरमालक कागदापाशी आला की एकदम भोळा होतो. ‘अकरा महिन्यांचाच तर करार, नोंदणी कशाला?’ वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला 1908 च्या नोंदणी कायद्यात सूट आहे खरी. पण महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरी मेख पुढेच आहे. नोंदवलेला करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे ज्याच्या फोडणीवरही भरवसा नव्हता, त्याच्या शब्दावर अख्खा फ्लॅट!

घरमालकाची भीती निराधार नाही, हे कबूल. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या दराला जखडून ठेवलं, आणि चाळींच्या मालकांना पुढे कित्येक वर्षं भाड्यातून डागडुजीसुद्धा परवडेना. पण ते भूत पागडीच्या घरातलं. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला मुदत संपली की घर सोडावं लागतं. नाही सोडलं तर कलम 24 प्रमाणे दुप्पट आकारणी करता येते, आणि तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा. राहता राहिलं, ‘घर माझं, मर्जी माझी.’ असू दे की. फक्त त्या मर्जीला ‘सुरक्षितता’ म्हणू नये. कारण सुरक्षिततेसाठी पोलीस ठाण्यात द्यायची भाडेकरूची माहिती हेच गृहस्थ एजंटावर सोपवून मोकळे होतात.

2011 च्या जनगणनेत शहरी भारतात एक कोटीहून जास्त घरं रिकामी आढळली. ती सगळी काही या चाळणीपायी रिकामी नव्हती. पण या मंडळींच्या मनातला भाडेकरू राहत असेल तर तिथेच. तो मासे तळत नाही, पाहुणे आणत नाही, उशिरा येत नाही. भाडं तेवढं देत नाही.