भिकेचे डोहाळे, डॉलर मोजून

ऐकलंत का? मेलबर्नच्या टार्नीटमधले एक सत्तरीचे आजोबा गेला आठवडाभर घरामागच्या अंगणात, गवतावर झोपतायत. बायकोशी भांडण नाही, सुनेशी अबोला नाही. घरात चार खोल्या, हीटर, इस्त्रीच्या चादरी, आणि गृहस्थ बाहेर कॅनव्हासच्या वळकटीत, नाकापर्यंत चेन ओढून! शेजारच्या ग्रीक आजी शेवटी कुंपणाशी आल्या आणि दबक्या आवाजात सुनेला म्हणाल्या, "म्हाताऱ्याला घराबाहेर का काढलंत?" सून म्हणाली, "काढलं नाही हो, सराव चाललाय." कसला सराव ते कळल्यावर त्या जास्तच घाबरल्या.

उलुरूची साथ आली आहे, दुसरं काय! पूर्वी मुलाकडे ऑस्ट्रेलियाला आलेले आईवडील ऑपेरा हाउससमोर फोटो काढायचे, फिलिप आयलंडचे पेंग्विन बघायचे आणि मुकाट घरी परतायचे. आता ते सगळं म्हणे फारच बाळबोध. आता जायचं ते देशाच्या ऐन पोटात, लाल मातीच्या वाळवंटात, उलुरू नावाच्या त्या प्रचंड खडकापाशी. बरं, तिथे जवळच्या युलारा गावात हॉटेलं नाहीत असं नाही. आहेत, चांगली गरम पाण्याची आहेत. पण ती घेतली तर ग्रुपवर टाकायला काय उरलं? म्हणून वीस-बावीस जणांच्या बसमधून गाइडबरोबर तीन दिवस हिंडायचं, आपली ताटं आपण विसळायची, वाटेत उतरून शेकोटीसाठी लाकडं गोळा करायची आणि रात्री आभाळाखाली स्वॅगमध्ये शिरायचं. स्वॅग म्हणजे तीच ती आजोबांची वळकटी, आत पातळ गादी शिवलेली. ज्यांच्या आईने चुलीसाठी काटक्या वेचताना नशिबाला बोल लावला, ते आता काटक्या वेचायचे पैसे आगाऊ भरतायत. परत मिळणार नाहीत, या अटीवर.

आणि तयारी! अगं बाई, ती तयारी बघा. सहलवाल्यांची यादी असते एका पानाची: चाकं नसलेली मऊ बॅग, रुंद काठाची टोपी, चालायला बूट, पाण्याच्या बाटल्या, टॉर्च, थंडीचे कपडे. संपलं. पण पानभर यादीवर भागलं तर मराठी घर कसलं? एका घरी मी स्वतः पाहिलं (नाव विचारू नका, मला काय करायचंय!), बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणला होता. सासूबाई बॅग हातात घेऊन काट्यावर उभ्या, सून वाकून आकडा वाचतेय, नातू वजाबाकी करतोय. आकडा जास्त आला. मग दोन स्वेटरपैकी एक बाहेर निघाला, चकलीचा डबा आतच राहिला. पुन्हा काटा. आता थर्मल बाहेर. डबा अढळ. "थंडी काय, सहन करता येते," सासूबाई म्हणाल्या. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की जुलैत तिथला पारा दिवसा वीसच्या आसपास असला तरी रात्री शून्यापर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. वाळवंट म्हटलं की आपल्याला फक्त ऊन आठवतं. तिथे ढग नाहीत, हवेत ओल नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्य बुडाला की सगळी ऊब आभाळाला देऊन मोकळी होते. चकली खाऊन अंगात ऊब येत असेल तर गोष्ट वेगळी.

माश्यांची जाळी हा तर स्वतंत्र अध्याय. टोपीवरून गळ्यापर्यंत ओढायची ही जाळी उन्हाळ्यात हवीच, नाहीतर तोंड उघडलं की माशी आत. पण मंडळी चालली आहेत जुलैत, शाळांच्या सुट्टीत, जेव्हा थंडीने माश्याच फारशा नसतात. तरी प्रत्येकीकडे जाळी आहे. एकीने तर टोपीच्या रंगाला शोभेल अशी मिळेपर्यंत तीन दुकानं पालथी घातली. तिच्या नवऱ्याने नवे बूट रुळावेत म्हणून ते स्वयंपाकघरात घालून फिरायला सुरुवात केली, आणि त्या घरात गेली वीस वर्षं चपलासुद्धा उंबऱ्याच्या आत आलेल्या नाहीत. ओट्यापर्यंत बूट! पण कुणी ब्र काढला नाही. का, तर उलुरू.

बाटलीचा विषय काढू की नको? काढतेच. कॅम्पवर संडास असतात, पण तिथे कागदच. त्यामुळे झाकणाला भोकं पाडलेली एक प्लास्टिकची बाटली प्रत्येक मराठी बॅगेत खालच्या थरात, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेली असते. तिची चर्चा उघडपणे कुणी करत नाही. यादीत मात्र ती पासपोर्टच्याही वर.

या सामानसोसाला इथे मोठी परंपरा आहे, हे मात्र कबूल करायला हवं. 20 ऑगस्ट 1860 ला मेलबर्नच्याच रॉयल पार्कमधून बर्क आणि विल्स यांची मोहीम खंड ओलांडून उत्तरेचा समुद्र गाठायला निघाली. बरोबर सामान किती? सुमारे वीस टन! देवदाराच्या फळीचं टेबल, खुर्च्या, चिनी घंटा, आतषबाजीचे बाण, उंटांना पाजायला म्हणून साठ गॅलन रम. उंट कुठले, तर खास कराचीहून जहाजाने आणलेले चोवीस. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे या भानगडीत लांबून का होईना, आपलं नाव आहेच. हजारो लोक निरोपाला जमले आणि एक गाडी बागेतच मोडली. पहिल्या रात्री ही जंगी मोहीम पोचली कुठे? एसेंडनला! आज तिथे ट्राम जाते हो. पुढे मेनिंडीपर्यंत त्यांना दोन महिने लागले. टपालाची घोडागाडी तेच अंतर आठवड्याहून थोड्याच जास्त दिवसांत तोडायची. शेवट हसण्यासारखा नाही. बर्क आणि विल्स दोघंही 1861 मध्ये कूपर क्रीकच्या काठी उपासमारीने गेले. त्यांच्याबरोबर उत्तरेपर्यंत गेलेल्यांपैकी किंग नावाचा एकच साथीदार वाचला, तोही तिथल्या यान्द्रुवान्धा लोकांनी सांभाळला म्हणून. त्या लोकांकडे टेबल नव्हतं.

असो. तर व्यायाम. याच सहलीतल्या किंग्ज कॅन्यन दरीच्या माथ्यावरची फेरी सहा किलोमीटरची आहे आणि सुरुवातीलाच पाचशेच्या आसपास पायऱ्यांचा खडा चढ. त्याला तिथे "हार्ट अटॅक हिल" म्हणतात, हे एका जावयाने उत्साहाने सासऱ्यांना सांगितलं. नको तिथे माहिती! सासूबाईंनी त्याच संध्याकाळी ईसीजीची वेळ घेतली. तेव्हापासून पॉइंट कुकच्या एका मॉलमध्ये सरकता जिना सोडून साध्या जिन्याने वरखाली करणारं एक मराठी जोडपं रोज दिसतं. हातात खरेदीची पिशवी नाही, चेहऱ्यावर घाम. सुरक्षारक्षकाने दोनदा विचारलं म्हणे, काही हरवलंय का.

चेष्टा सोडली तर ऊन हे तिथलं खरं प्रकरण आहे, विशेषतः उन्हाळ्यात. 36 अंश किंवा त्याहून जास्त तापमानाचा अंदाज असला की किंग्ज कॅन्यनची फेरी सकाळी नऊच्या आत सुरू करावी लागते, आणि उलुरूजवळच्या काटा च्युटा खडकांमधली "व्हॅली ऑफ द विंड्स" ही वाट सकाळी अकराला पहिल्या टप्प्यापुढे बंद होते. उन्हात चालायचं तर तासाला एक लिटर पाणी, असा तिथला हिशेब. म्हणजे जाळीचा रंग जुळवण्यापेक्षा तीन लिटर पाणी पाठीवर घेऊन चालायची सवय केलेली बरी. ती कुणी केल्याचं अजून कानावर आलेलं नाही.

कॅम्पवर गाइड सांगतात, बूट रात्री स्वॅगच्या आत घ्या, बाहेर ठेवलेत तर डिंगो, म्हणजे तिथले रानटी कुत्रे, पळवतील. आपली मंडळी हसतात. मी नाही हसत. 1980 च्या ऑगस्टमध्ये उलुरूच्याच पायथ्याच्या तळावरून अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी डिंगोने नेली, आणि सगळा देश तिच्या आईबद्दल कुजबुजत बसला: रडली कशी नाही, कपडे कसले घातले होते. त्या आईला, लिंडी चेंबरलेनला, 1982 मध्ये जन्मठेप झाली. 1986 मध्ये मुलीचं जॅकेट सापडलं तेव्हा ती सुटली, आणि मुलीला डिंगोनेच नेलं असा निर्णय यायला 2012 उजाडलं. तेव्हा बूट आत घ्या आणि खाण्याचे डबे बसमध्ये ठेवा. चकलीचासुद्धा.

जेवणाचं म्हणाल तर पोरं उंटाच्या बर्गरची भाषा करतात आणि आज्या कानांवर हात ठेवतात. पण शेकोटीतल्या निखाऱ्यांवर डॅम्पर नावाची जाड भाकरी भाजतात. नुसती कणीक, मीठ, पाणी. विदर्भात रोडगे खाल्लेल्या माणसाला तिथे काहीही शिकवावं लागत नाही. उलट एका अकोल्याच्या काकूंनी गाइडलाच बाजूला सारून निखारे नीट पसरले, अशी पक्की खबर आहे. खरा बोभाटा झाला तो संध्याकाळी. सूर्यास्ताला उलुरूचा रंग बदलताना बघत हातात फेसाळती वाइन देण्याची सहलवाल्यांची पद्धत आहे, आणि नेमकी त्या दिवशी आषाढी एकादशी. एका काकांनी ग्लास घेतला. बायकोने डोळे वटारले. काका म्हणाले, "द्राक्षं उपासाला चालतात." फोटो ग्रुपवर आला, आणि टार्नीटपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांना समजलं.

वर चढायला किती वेळ लागतो, असं अजूनही विचारणारे आहेत, म्हणून एकदाचं सांगून टाकते: चढायचं नाही. 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद आहे. तिथले मूळ रहिवासी असलेल्या अनंगू लोकांना ही जमीन 1985 मध्ये त्याच तारखेला परत मिळाली होती, आणि चढू नका असं ते कितीतरी आधीपासून सांगत होते. तरी बंद होण्याआधीच्या आठवड्यांत लोकांनी पायथ्याशी रांगा लावल्या. हीच का ती शिकलेली माणसं? खालून दहा किलोमीटरची प्रदक्षिणा आहे, ती करा. वाटेत जिथे फोटो काढू नये असा फलक असेल तिथे मोबाइल खिशात ठेवा. ड्रोन उडवायला परवानगी लागते, त्यामुळे मुलाने ख्रिसमसच्या सेलमध्ये घेतलेला तो घरीच राहू द्या. आणि लाल खडा आठवण म्हणून खिशात टाकू नका. लोक टाकतात आणि मग वर्षानुवर्षांनी माफीच्या चिठ्ठीसह टपालाने परत पाठवतात. असे इतके दगड येतात की त्यांना "सॉरी रॉक्स" असं नावच पडलंय.

जाणार असाल तर जरूर जा. लोकरीची टोपी, पाणी, हेडटॉर्च आणि रुळलेले बूट एवढं पुरे. बाकीचं नवं घेऊ नका. सुट्टी संपली की ऑगस्टमध्ये मार्केटप्लेसवर जाळ्या, टॉर्च आणि एकदाच वापरलेले बूट निम्म्या किमतीत निघतात. आजोबांचा स्वॅगही निघेल, पण त्यासाठी माझा नंबर आधी आहे.