पंचेचाळीस डॉलरची ॲल्को

तेहतीस वर्षं रेल्वेत काढली, पण इंजिन निवडायला मला कधी कुणी सांगितलं नाही. घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये इंजिन यायचं, मी त्याच्या पोटात शिरायचो आणि काळा होऊन बाहेर पडायचो. ते केवढ्याला पडलं, कुणी पसंत केलं, हे प्रश्न दिल्लीचे. त्यामुळे एडिसनला मुलाच्या घरी, तळघरात, आठ वर्षांचा नातू जेव्हा म्हणाला, "आबा, मला नवीन डिझेल घ्यायचंय, तू सिलेक्ट कर," तेव्हा निवृत्तीनंतर चार वर्षांनी बढती मिळाल्यासारखं वाटलं. बजेटही जागच्या जागी मंजूर झालं. सूनबाई जिन्यातूनच म्हणाल्या, "बाबा, पन्नास डॉलरच्या वर नाही हं. मागचं तीन महिन्यांत गेलं."

मागचं म्हणजे सेटबरोबर आलेलं. मी त्याचं शवविच्छेदन केलं. मोटर जळली होती, आणि आठ चाकांपैकी फक्त चार चाकं रुळातून वीज घेत होती. असल्या इंजिनाला सांध्यावर जरा धूळ लागली की ते रुसून बसतं, मग पोरं त्याला बोटाने ढकलतात. ढकलून इंजिन चालवायची वेळ आमच्या शेडवरही आलेली नाही.

बाकी रेल्वे झकास होती. आठ बाय चारचा प्लायवूड, त्यावर लंबगोल रूळ, थर्मोकोलचा एक डोंगर आणि बुटांच्या खोक्याचा बोगदा. त्या डोंगराला मी खंडाळा नाव दिलं. नातवाने इंग्रजीत पाटी लावली, स्पेलिंग चुकलं, पण आपल्याकडेही स्टेशनांच्या पाट्यांचं काही फार वेगळं नसतं.

मुलगा आधी जवळच्या दुकानात घेऊन गेला. काचेच्या कपाटात इंजिनं अशी मांडली होती की पु. ना. गाडगिळांकडे आल्यासारखं वाटलं. भावही त्याच घरातले. डॉलरला रुपयांनी गुणायची सवय मी मागच्या वारीलाच सोडली होती, ती तिथे परत लागली. एकाची किंमत दोनशे ऐंशी. मी विचारलं, यात एवढं काय आहे? दुकानदाराने बटण दाबलं. बोटभर उंचीचं ते इंजिन खाकरलं, सुरू झालं, आयडलवर गुरगुरायला लागलं. आत चिप असते म्हणे, डीसीसी नावाची पद्धत. प्रत्येक इंजिनाला आपापला नंबर, एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. आणि आवाजाची चिप असेल तर शंभरेक डॉलर जादा. आता हा आवाज तेहतीस वर्षं सरकारी खर्चाने ऐकून माझा उजवा कान गेलेला. त्याच आवाजाचे उलट मीच पैसे मोजायचे? शिवाय आमच्या खंडाळ्यात साधा डीसी करंट, एक इंजिन, एक कंट्रोलर आणि एकच ड्रायव्हर, जो नऊ वाजता झोपतो. चिप बाद. तिथेच खर्च अर्ध्यावर आला.

पण माझ्या मनात वेगळंच होतं. घ्यायची तर ॲल्को.

हे जरा सांगायला हवं. आमच्या पिढीचं डिझेल म्हणजे डब्ल्यूडीएम-टू. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, आणि ड्रायव्हरने नॉच भराभर वाढवला की आभाळात जो काळा खांब उभा राहतो तो. डिझेल लगेच येतं, पण टर्बोला फेर धरायला वेळ लागतो, तोवर हवा कमी पडते, म्हणून तो धूर. लोक आम्हाला शिव्या देत. आम्हाला तो धूर म्हणजे इंजिनाचा जांभई देऊन उठायचा प्रकार वाटे. तर हे इंजिन मूळचं अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचं, म्हणजे ॲल्कोचं. १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिकडून आली, आणि १९६४ च्या जानेवारीत बनारसच्या कारखान्यातून आपलं पहिलं बाहेर पडलं. ॲल्कोचं गाव स्कनेक्टडी, न्यूयॉर्क राज्य. हे नाव शेडमध्ये कुणालाही धड म्हणता आलं नाही. आमचे एक चार्जमन शेवटपर्यंत 'शेणेक्टडी' म्हणत. ट्रेनिंगला बनारसला गेलो होतो, त्यामुळे माझी काशी झाली होती. मूळपीठ राहिलं होतं. आणि मुलाने सांगितलं की त्याच भागात येत्या शनिवारी जुन्या मॉडेल रेल्वेचा बाजार भरतोय.

"गाडीने तीन तासांत सोडतो," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, रेल्वेवाला रस्त्याने इंजिन आणायला गेला तर पेन्शन बंद होते. तेव्हा मी, ही आणि नातू लोकलने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला आणि तिथून ॲमट्रॅकने पुढे.

पेन स्टेशन जमिनीखाली आहे. भुयारात डिझेलचा धूर चालत नाही, म्हणून आमच्या गाडीचं इंजिन दुहेरी होतं. भुयारात बाजूच्या तिसऱ्या रुळातून वीज घ्यायची, उघड्यावर आलं की डिझेल सुरू करायचं. सासरी एक आणि माहेरी एक. ते डिझेल नेमकं कुठे सुरू होतं हे पकडायला मी खिडकीला डावा कान लावून बसलो होतो. पलीकडे हडसन नदी, काठावर ऑक्टोबरचे लाल-पिवळे डोंगर. ही म्हणाली, "अहो, लोक हे बघायला हजारो मैलांवरून येतात, आणि तुम्ही डोळे मिटून बसलाय." मी म्हटलं, गप, आत्ता सुरू झालं. टीसीने आमच्या डोक्यावरच्या फळीला कागदाची चिठ्ठी खोचली आणि निघून गेला. तिकीट तपासल्याची खूण. तीन माणसांचा हिशोब एका चिठ्ठीवर. मग दशम्या निघाल्या, लसणाची चटणी निघाली आणि पुढच्या बाकावरच्या माणसाने जागा बदलली.

स्कनेक्टडीला उतरलो. स्टेशन नवं, चकचकीत. मैलभर चालत मोहॉक नदीच्या बाजूला गेलो, कारखाना तिथेच होता. १८४८ पासून त्या जागी इंजिनं बनत होती. १९०१ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन ॲल्को झाली. जगातल्या सर्वांत थोराड वाफेच्या इंजिनांतलं 'बिग बॉय', तेही इथलंच. पंचाहत्तर हजारांहून जास्त इंजिनं ॲल्कोने जगाला दिली. १९६९ मध्ये काम बंद पडलं, हे मला माहीत होतं. पण निदान एखादी चिमणी, एखादी शेड, गंजलेला रूळ, कपाळाला लावायला चिमूटभर काहीतरी असेल, असं वाटत होतं.

तिथे कॅसिनो आहे.

२०१७ मध्ये झालाय. दारावर गणवेशातला रखवालदार. मी त्याला विचारलं, ॲल्को कुठे? त्याने अत्यंत अदबीने आत जायची वाट दाखवली. बहुतेक त्याला वाटलं मी 'अल्कोहोल' म्हणालो. नातवाला आत प्रवेश नव्हता, म्हणून मी एकटाच पाच मिनिटं डोकावून आलो. रांगेने यंत्रं, त्यांच्यापुढे रांगेने माणसं, नजर सरळ, चेहरा कोरा, आणि ठरावीक वेळाने एक बटण दाबणं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या इंजिनातही ड्रायव्हरला असंच एक बटण असतं. मिनिटभर काही हालचाल केली नाही की ते दाबावं लागतं, नाहीतर तो झोपला असं समजून इंजिन आपलं आपण ब्रेक लावतं. इथे मात्र बटण दाबूनही पैसे थांबत नव्हते.

बाहेर आलो तर ही बाकावर बसून पाय चेपत होती. "झालं दर्शन?" मी पार्किंगच्या डांबराला वाकून हात लावला. तिने दुसरीकडे बघितलं.

बाजार एका अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होता. लांबच लांब टेबलं, त्यांवर खोकी आणि खोक्यांमागे सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, सगळे बिल्ले लावलेल्या टोप्या घालून. बायका जवळजवळ नाहीत. ही आत शिरली तेव्हा दोघांनी उठून खुर्ची दिली.

आणि पहिल्याच टेबलावर ती दिसली. आरएसडी-१५. लांब नाकामुळे तिला अमेरिकेत 'ॲलिगेटर' म्हणत. २४०० अश्वशक्ती, आत तेच २५१ जातीचं सोळा सिलिंडरचं इंजिन, म्हणजे आमच्या डब्ल्यूडीएम-टूची सख्खी मावशी. मी ती उलटी करून खालून पाहिली. तीन धुऱ्यांची बोगी, आणि मधला धुरा बरोबर मध्ये नाही, एका बाजूला सरकलेला. अगदी आमच्यासारखा! ज्या कुणी हे मॉडेल केलं तो माणूस इंजिनाखाली झोपलेला असणार. किंमत पंच्याऐंशी. बजेट ओलांडायचं मी मनात ठरवूनही टाकलं. पेन्शनर माणसाने आयुष्यात एकदा तरी अनियमितता करावी.

"आबा, एटीन इंच," नातू म्हणाला.

आली का पंचाईत. आमच्या प्लायवूडवरच्या वळणाची त्रिज्या अठरा इंच. मॉडेल १:८७ च्या मापाचं. गुणलं की खऱ्या जगात साधारण चाळीस मीटर झाले. एवढ्याशा वळणात माथेरानची दोन फुटी गाडी आनंदाने वळेल, तिचा जन्मच त्यासाठी. पण सहा धुऱ्यांच्या इंजिनाला आपल्या ब्रॉडगेजवर किमान १७५ मीटर लागतात. तो न्याय तळघरात लावला तर चार मीटरचं रिंगण हवं, म्हणजे सूनबाईंचं वॉशिंग मशीन खंडाळ्याच्या घाटात. तरी मी आशा सोडली नाही. हॉलच्या टोकाला चाचणीचा रूळ होता, त्यावर अठराचं वळण होतं. ॲलिगेटर सरळ रुळावर राणीसारखी गेली, वळणात शिरली, मधलं चाक अलगद रुळावर चढलं आणि ती आडवी झाली. नातवाने काही म्हटलं नाही. त्याच्या आईसारखं.

दुसरं एक पंचवीस डॉलरला होतं, चार धुऱ्यांचं. रुळावर ठेवलं आणि मी डावा कान खाली नेला. टक्, टक्, टक्. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. गिअर तडकलेला. प्लॅस्टिकचा छोटा गिअर धुऱ्यावर घट्ट दाबून बसवलेला असतो, वर्षं गेली की चिरतो. विक्रेता म्हणाला, चालतंय ना! मी म्हटलं, दादा, डब्ल्यूडीएम-टूच्या धुऱ्यावर पासष्ट दात आणि मोटरवर अठरा, त्यांतला एक दात बोलला तर मला पलीकडच्या पिटवरून ऐकू येत असे. हे त्याला इंग्रजीत सांगताना 'बोलला' शब्दाशी अडलो.

शेवटी खालच्या खोक्यात आरएस-३ सापडली. ॲल्कोचंच, १९५० ते ५६ मधलं, १६०० अश्वशक्ती, चार धुरे. मॉडेल ॲटलसचं, पण जपानमध्ये काटोने बनवलेलं जुनं. हातात घेतलं तर वजनदार, म्हणजे ओढेल. दोन्ही बोग्यांची सगळी चाकं वीज घेतात. मोटरच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, त्यामुळे करंट तोडला तरी गचकन न थांबता घरंगळत थांबलं. पुढे-मागे अमेरिकन गुडघ्याचं कपलिंग, आपल्या मालगाडीचं सीबीसीच ते. अठराच्या वळणातून तीनदा फिरवलं. आवाज नाही. एका बाजूचा कठडा मोडलेला. भाव साठ.

कठडा मोडलाय हे ऐकताच ही खुर्चीतून उठली. तुळशीबागेत चाळीस वर्षं घडलेलं अस्त्र ते. तिने इंजिन हातात घेतलं, कठड्यावरून बोट फिरवलं आणि नुसतं "अरेरे" म्हणाली. मराठीतच. विक्रेता पंचावन्नवर आला. तिने ते खाली ठेवलं, पर्स बंद केली. पन्नास. मग तिने नातवाला पुढे केलं. पंचेचाळीस, आणि वर कोळशाची एक वाघीण फुकट.

पैसे मोजताना त्याने सहज विचारलं, तुमच्याकडे ॲल्को होत्या का? मी म्हटलं, होत्या म्हणजे? इथला कारखाना बंद पडल्यावरही बनारसला चाळीसहून जास्त वर्षं त्याच घराण्यातली इंजिनं बनत राहिली. तो थांबला. शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली. त्याने त्याच्या शेजारच्याला. पाच मिनिटांत सहा टोप्या माझ्याभोवती, आणि एकाने विचारलं, टर्बोचं काय करायचात तुम्ही? चार वर्षांत मला कुणी टर्बोबद्दल विचारलं नव्हतं. हिने तीनदा बाही ओढली. परतीची गाडी आम्ही जेमतेम पकडली.

खंडेनवमी त्याच आठवड्यात होती. शेडमध्ये त्या दिवशी इंजिनाला हार घालायचो, तेव्हा आरएस-३ला वगळायचं कसं? ओक ट्री रोडवरून झेंडू आणला, एक पाकळी हूडवर ठेवली, कुंकवाचं बोट लावलं, आणि उदबत्ती इंजिनाच्या मागच्या वाघिणीत कोळशाच्या जागी खोचली. नातवाने नॉच दिला. हळूहळू, मी शिकवलं तसा. इंजिन निघालं, मागे धुराची सरळ रेघ, बुटांच्या खोक्यात शिरलं, पलीकडून बाहेर आलं, खोक्यातून धूर अजून येतच होता. मी डोळे पुसले असतील, आठवत नाही, कारण तेवढ्यात छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला. सूनबाई जिन्यावरून धावत आल्या, मुलगा टॉवेल घेऊन छताला वारा घालू लागला, नातू आनंदाने ओरडत होता आणि गाडी फिरतच होती.

ही कानांवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "पटली खात्री? ॲल्कोच आहे."